ग्वाल्हेरच्या थंडीत सोलर पॅनलचं व्होल्टेज आणि चार्ज कंट्रोलरची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात सोलरचा विषय निघाला की सगळ्यांना मे महिना आठवतो. नवतप्यात पारा ४५ च्या वर, गच्चीवर पाय ठेववत नाही, म्हणून चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) सावलीत लावा, त्याला पंखा द्या, वायर जाड घ्या. हे सगळं बरोबरच आहे. पण पॅनलच्या बाजूनं कंट्रोलर जाळायची ताकद मे महिन्यात नसते. ती असते संक्रांतीच्या आसपासच्या एखाद्या स्वच्छ, कडक थंडीच्या सकाळी. लष्कर, मुरार, थाटीपूरच्या गच्च्यांवर किंवा डबरा, भितरवारकडच्या शेतावर बॅटरीसह सोलर लावलेल्या नि लावू पाहणाऱ्या मराठी घरांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं? ऊन तर उलट कमी असतं ना?

व्होल्टेज आणि करंट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. करंट मुख्यतः उन्हावर अवलंबून असतो. ऊन निम्मं झालं की करंट जवळपास निम्मा. व्होल्टेजचं तसं नाही. थोडा प्रकाश पडला की ते झटकन वर जातं आणि मग उन्हाच्या चढउतारानं फारसं हलत नाही. त्याला हलवतं ते तापमान.

सिलिकॉनचा सेल गार होतो तेव्हा त्याच्या आतली गळती झपाट्यानं कमी होते आणि उघड्या टोकांवर मिळणारं व्होल्टेज वाढतं. एका सेलमागे हे अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ, पण मोठ्या पॅनलमध्ये असे ७२ सेल एकामागे एक जोडलेले असतात (अर्धे कापलेले सेल असलेल्या हाफ-कट पॅनलमध्ये १४४ तुकडे दिसतात, तरी व्होल्टेजच्या हिशेबाला ७२ च). मग एका पॅनलमागे अंशाला सव्वाशे ते दीडशे मिलिव्होल्ट झाले. वर तीन पॅनल सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज), आणि तापमान २५ वरून शून्यावर. आता आकडा किरकोळ राहत नाही.

पॅनलच्या पाठीवरच्या लेबलमधला नेमका कोणता आकडा बघायचा?

व्हीओसी, म्हणजे ओपन सर्किट व्होल्टेज. पॅनलमधून काहीही ओढलं जात नसताना त्याच्या दोन टोकांवर असणारं व्होल्टेज. शेजारीच व्हीएमपी लिहिलेलं असतं, तो पॅनल कामाला लागल्यावरचा आकडा आणि तो नेहमी कमी असतो. दुकानात "हा ४१ व्होल्टचा पॅनल" असं सांगतात ते बहुधा व्हीएमपी असतं. कंट्रोलरच्या मर्यादेसाठी त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, लेबलवरचे सगळे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात: सेलचं तापमान २५ अंश आणि ऊन चौरस मीटरला १००० वॅट. तिसरा लागणारा आकडा व्हीओसीचा तापमान गुणांक. तो लेबलवर नसला तर डेटाशीटमध्ये असतोच. पॅनलच्या जातीप्रमाणे तो बदलतो: जुन्या पॉली पॅनलना अंशाला सुमारे उणे ०.३० ते ०.३३ टक्के, मोनो पर्कना ०.२७ च्या आसपास, नव्या टॉपकॉनना ०.२५ च्या जवळपास. उणे चिन्ह आहे म्हणजे तापमान वाढलं की व्होल्टेज घटतं, आणि उतरलं की वाढतं.

कंट्रोलरवर १५०/३५ लिहिलंय. याचा अर्थ काय?

पहिला आकडा पॅनलकडून चालणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, दुसरा बॅटरीकडे जाणारा जास्तीत जास्त करंट. व्हिक्ट्रॉनसारखे उत्पादक नावातच हे दोन आकडे देतात. काही कंपन्यांच्या मॉडेल नंबरात ते लपलेले असतात, मग माहितीपत्रकच उघडावं लागतं.

माहितीपत्रक उघडाच, कारण बऱ्याचदा मर्यादा एक नसून दोन असतात. व्हिक्ट्रॉनच्या १५० वाल्या कंट्रोलरमध्ये १५० व्होल्ट ही सर्वांत थंड परिस्थितीतली अंतिम हद्द आहे, पण सुरू होण्याची आणि चालण्याची हद्द १४५. ईपी-एव्हरच्या ट्रेसर एएन मालिकेतल्या १०० व्होल्टच्या कंट्रोलरना सर्वांत कमी तापमानाला १०० आणि २५ अंशांना ९२, असे दोन आकडे दिले आहेत. हा दुसरा आकडा म्हणजे उत्पादकानं थंडीची जागा आधीच राखून ठेवली आहे. लेबलवरच्या व्हीओसीची बेरीज ९२ शी ताडून बघायची, १०० शी नव्हे.

५५० वॅटचे तीन पॅनल सिरीजमध्ये, बेरीज १४९.४ येते. कंट्रोलर १५० चा. बसतंय ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात महाग पडणाराही हाच. हिशेब सगळा मांडून दाखवतो.

पॅनलचं व्हीओसी ४९.८ व्होल्ट, गुणांक ०.२७ टक्के. ग्वाल्हेरसाठी शून्य अंश धरू. २५ वरून शून्य म्हणजे २५ अंशांचा फरक. २५ गुणिले ०.२७ म्हणजे ६.७५ टक्के वाढ. ४९.८ चे झाले ५३.१६. तीन पॅनलचे १५९.५ व्होल्ट. १५० च्या कंट्रोलरवर जवळजवळ साडेनऊ व्होल्ट जास्त.

आणि शून्यापर्यंत जायचीही गरज नाही. १४९.४ वरून १५० ओलांडायला सेल २५ वरून २३.५ अंशांवर आला तरी पुरतो. म्हणजे ही जोडणी जानेवारीची वाटही बघत नाही, दिवाळीतल्या सकाळीच काठावर येते. मे-जूनमध्ये बसवली, चार महिने उत्तम चालली, फिटरनं पैसे घेतले आणि तो गेला. त्या चार महिन्यांवरून जोडणी बरोबर असल्याचं काहीच सिद्ध होत नाही.

मग ग्वाल्हेरसाठी किती तापमान धरायचं? इथे शून्य तर क्वचितच होतं.

क्वचित होतं म्हणूनच ते धरायचं. रोजच्या सरासरीला इथे अर्थ नाही, पॅनलच्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यातली एक सकाळ पुरते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शहरात २-३ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. तानसेन समारोहाला रात्री शाल-कानटोपी घालून बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय वेधशाळेचा आकडा हवेचा असतो, पॅनलचा नाही. निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून पडलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि हवेपेक्षाही दोन-चार अंश गार होते. सकाळी पॅनलवर दव साचलेलं दिसतं ते त्याचमुळे. गावाबाहेर मोकळ्या रानात हे आणखी जास्त, पाला (गोठलेलं दव) पडून तूर-वाटाणा जळतो तिथे पॅनलही तेवढाच गारठलेला असतो.

माझा नियम साधा आहे: शहरातल्या गच्चीला शून्य, शेतावर उणे २. गुणांक हाताशी नसेल तर लेबलवरच्या व्हीओसीच्या बेरजेला थेट १.१० नं गुणा, शेतावर १.१२ नं. हे आकडे मनाचे नाहीत, अमेरिकेच्या विद्युत नियमावलीतल्या तक्त्यात क्रिस्टलाइन सिलिकॉनसाठी ४ ते ० अंशांना १.१० आणि उणे १ ते उणे ५ ला १.१२ असेच दिले आहेत. नव्या पॅनलना ते थोडे जास्तच धरले जातात, पण लेबलवरच्या व्हीओसीतही दोन-तीन टक्क्यांची फरकाची मुभा उत्पादकानं स्वतःसाठी ठेवलेली असते. तेव्हा हे जास्तीचं वाया जात नाही.

पहाटे थंडी असते तेव्हा ऊन कोवळं असतं, आणि ऊन चढेपर्यंत पॅनल गरम होतो. मग १००० वॅटचं ऊन आणि शून्य अंश एकत्र येणार कसे?

चांगला प्रश्न, आणि यात तथ्य आहे. कोवळ्या उन्हात व्हीओसी जरा कमीच असतं. ऊन पूर्ण क्षमतेच्या एक पंचमांश असेल तर साधारण सहा टक्क्यांनी. रोजच्या रोज सूर्योदयाला कंट्रोलर या कोवळ्या उन्हातच जागा होतो, पॅनलमधून करंट ओढायला लागतो, आणि ओढायला लागला की व्होल्टेज व्हीओसीवरून व्हीएमपीकडे उतरतं. म्हणूनच चुकीच्या जोडण्याही कित्येक दिवस सुखरूप निघून जातात.

पण ग्वाल्हेरातल्या काही सवयी ही सुखरूप वाट बंद करतात.

पहिली, रात्रभर लाइटवर बॅटरी चार्ज होणं. आपल्याकडे बहुतेक घरांत सोलर इन्व्हर्टर वीज मंडळाच्या लाइनवरूनही बॅटरी भरतो. सेटिंग तसंच ठेवलं असेल तर सकाळी सात वाजता बॅटरी भरलेली, घरात लोड जेमतेम दोन दिव्यांचा. कंट्रोलरला पॅनलकडून घ्यायचं काहीच नाही. तो हात आखडता घेतो, आणि पॅनल उघड्या टोकांच्या व्होल्टेजवर जाऊन बसतो. ऊन चढतंय, पॅनल अजून गार, आणि ओढणारं कुणी नाही. लिथियम बॅटरीच्या बीएमएसनं (आतल्या रक्षक सर्किटनं) चार्जिंग तोडलं किंवा बॅटरीकडचा एमसीबी पडला, तरीही हेच.

दुसरी गोष्ट धुकं. जानेवारीत दहा-दहा वाजेपर्यंत धुकं बसतं. त्या वेळात पॅनल गरम होतच नाही, हवेइतकाच गार राहतो. मग वारा सुटतो, धुकं फाटतं आणि सूर्य चांगला वर आलेला असताना अचानक सगळं ऊन एकदम पॅनलवर पडतं. काच आणि सेल गरम व्हायला काही मिनिटं लागतात. व्होल्टेजला मिनिटंही लागत नाहीत. पांढऱ्या ढगाच्या कडेनं परावर्तित होऊन येणारं ऊन तर थोडा वेळ १००० च्याही वर जातं.

तिसरी सवय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. धुणं. पॅनलवर धूळ बसली म्हणून रविवारी दहाच्या सुमाराला गच्चीवर जायचं, शहाणपणानं डीसी स्विच बंद करायचा (हे योग्यच), टाकीचं रात्रभर गारठलेलं पाणी बादल्या भरभरून ओतायचं, पुसायचं, आणि लगेच स्विच चालू करायचा. त्या क्षणी ऊन बऱ्यापैकी चढलेलं, सेल पाण्याइतका गार, काच लखलखीत, आणि स्विच बंद असल्यामुळे पॅनल पूर्ण उघड्या व्होल्टेजवर. सगळे ग्रह एकाच घरात. पॅनल धुवायचेच तर सूर्य उगवायच्या आधी धुवा, किंवा धुऊन झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं ऊन खाऊ द्या नि मग स्विच चालू करा. पण ज्या जोडणीला असं सांभाळून घ्यावं लागतं ती मुळातच चुकलेली आहे, हे विसरू नका.

मर्यादा ओलांडली तर नक्की होतं काय?

थोडी ओलांडली असेल आणि कंट्रोलर चांगला असेल तर तो काम थांबवतो आणि एरर दाखवतो. व्हिक्ट्रॉनमध्ये ३३ नंबरचा एरर पॅनलचं व्होल्टेज जास्त असल्याचा. मिडनाइट कंपनीच्या क्लासिक मालिकेत तर मर्यादेच्या वर बॅटरीच्या व्होल्टेजइतकी जागा मुद्दाम ठेवली आहे. तिथपर्यंत तो चार्जिंग बंद ठेवतो पण जळत नाही.

बाकीच्यांत इनपुटचे कपॅसिटर आणि मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) यांच्यावर येऊन बेततं. त्यांची सहनशक्ती ठरलेली असते, तिच्या पलीकडे मॉसफेट आरपार शॉर्ट होतो. धूर निघेलच असं नाही. कित्येकदा डिस्प्ले चालू असतो, बॅटरीचं व्होल्टेज नीट दाखवतो, फक्त पॅनलकडून शून्य वॅट. वाईट प्रकार तो, ज्यात शॉर्ट झालेल्या मॉसफेटमधून पॅनलचं व्होल्टेज थेट बॅटरीवर जातं.

फ्यूज किंवा एमसीबी लावला तर वाचेल का?

नाही. दोन्ही जास्त करंटला तोडतात, जास्त व्होल्टेज त्यांना दिसतच नाही. डीसीडीबीतला (पॅनलकडून येणाऱ्या डीसी तारांच्या डब्यातला) सर्ज अरेस्टर विजेच्या क्षणिक झटक्यासाठी असतो, तासभर टिकणाऱ्या दहा व्होल्टसाठी नाही. उलट त्याची आणि एमसीबीची स्वतःची डीसी व्होल्टेज मर्यादाही थंडीतल्या आकड्याच्या वर हवी. आणि घरातला एसीचा एमसीबी डीसीला लावू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती पेटलेलीच राहू शकते.

मग पॅनलचे वॅटही कंट्रोलरपेक्षा जास्त नकोत?

वॅटचं वेगळं आहे. पंगतीत वाढप्यानं कितीही आग्रह केला तरी आपण हवं तेवढंच ताटात घेतो, तसा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलकडून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) आपल्याला पेलेल तेवढाच करंट घेतो. ३५ अँपिअरच्या कंट्रोलरला ४८ व्होल्टच्या बॅटरीवर २२०० वॅटचे पॅनल लावले, तर भर दुपारी दोन हजार वॅटच्या अलीकडे-पलीकडे तो कापून टाकेल, एवढंच. सकाळ-संध्याकाळ आणि धुक्याच्या दिवसांत मात्र जास्त पॅनलचा फायदा होतो, म्हणून ग्वाल्हेरात मी पॅनल थोडे जास्तच लावा म्हणतो. फक्त माहितीपत्रकात पॅनलच्या शॉर्ट सर्किट करंटचीही (दोन टोकं थेट जोडली तर वाहणाऱ्या करंटची) एक मर्यादा दिलेली असते, ती पाळा. जास्तीचे पॅनल वाढवायचे ते पॅरललमध्ये (म्हणजे व्होल्टेज तेवढंच, करंटची बेरीज), सिरीजमध्ये नाही.

काका, वडोदऱ्याला माझ्या भावाकडे अगदी हीच जोडणी तीन हिवाळे चालली. माझ्याकडेच का अडते?

कारण वडोदऱ्याच्या थंडीला आपण ग्वाल्हेरवाले थंडी म्हणत नाही. जुने ३३५ वॅटचे पॉली पॅनल घ्या, व्हीओसी ४५.६, गुणांक ०.३१. तीन सिरीजमध्ये, लेबलप्रमाणे १३६.८. वडोदऱ्याच्या गार सकाळी १० अंश धरले तर १४३.२ व्होल्ट. १४५ ला चालणारा कंट्रोलर आरामात चालतो. ग्वाल्हेरात २ अंशांना तेच पॅनल १४६.६ देतात. १५० च्या आत, म्हणून जळत नाही. १४५ च्या बाहेर, म्हणून सुरू होत नाही. जरा ऊन लागून पॅनल तापले की व्होल्टेज उतरतं आणि आपोआप चालू होतो. "सकाळी बंद, अकरा वाजता आपोआप चालू, मेकॅनिक येईपर्यंत काही बिघाडच नाही" ही तक्रार आली की मी आधी पॅनलची संख्या विचारतो. इंदूर या दोघांच्या मधे बसतं. तिथेही सर्वांत थंड सकाळ धरूनच हिशेब करावा.

तीन पॅनल घेऊन झालेत, कंट्रोलर १५० चाच आहे. आता काय करू?

बॅटरी किती व्होल्टची आहे त्यावर ठरेल.

२४ व्होल्टची असेल तर तिन्ही पॅनल पॅरलल करा. एका पॅनलचं व्हीएमपी कडक उन्हाळ्यातही ३४-३५ च्या आसपास राहतं आणि २४ व्होल्टच्या बॅटरीला भरताना २८.८ लागतात, तेव्हा चालतं. पण करंट तिप्पट होतो, वायर त्याप्रमाणे जाड हवी. आणि तीन पॅरलल झाले की प्रत्येक पॅनलला स्वतःचा फ्यूज हवाच: एक पॅनल बिघडला तर बाकी दोघांचा मिळून २८ अँपिअर त्याच्यात उलटा घुसतो, आणि ५५० वॅटच्या पॅनलच्या लेबलवर जास्तीत जास्त फ्यूज बहुधा २५ चा लिहिलेला असतो. दोनच पॅरलल असतील तर हा प्रश्न येत नाही.

४८ व्होल्टची बॅटरी असेल तर एक पॅनल पुरत नाही, दोन तरी सिरीजमध्ये लागतात. मग चौथा पॅनल घ्या आणि दोन-दोनच्या दोन ओळी पॅरलल करा. थंडीत १०६ व्होल्ट, १५० च्या खूप आत. गच्चीवर जागाच नसेल तर २५० व्होल्टचा कंट्रोलर घेऊन तिन्ही सिरीजमध्ये ठेवा. मला विचाराल तर चौथा पॅनल. पैसे जवळपास तेवढेच जातात आणि वीज जास्त मिळते.

दोन पॅनल सिरीज करून १०० च्या कंट्रोलरवर लावायचा मोह मात्र टाळा. ९९.६ दिसायला १०० च्या आत आहे, पण थंडीत तोच आकडा १०६ होतो.

हिवाळ्यापुरता एका पॅनलवर ताडपत्री टाकली तर?

वारा आहे, माकडं आहेत. नको.

उन्हाळ्यात व्होल्टेज कमी पडू नये म्हणून जास्त पॅनल सिरीजमध्ये लावायला सांगतात. मग दोन्ही कसं जमवायचं?

खालची हद्दही खरी आहे. ग्वाल्हेरात मे महिन्यात हवा ४५ ची असते तेव्हा सेल ७० च्या पुढे जातो. व्हीएमपी व्हीओसीपेक्षाही जास्त वेगानं घसरतं, मोनो पर्कमध्ये अंशाला साधारण ०.३५ टक्के. ५५० वॅटच्या पॅनलचं ४१.५ चं व्हीएमपी तेव्हा ३४.७ वर येतं. एमपीपीटीला चालू राहायला बॅटरीच्या वर थोडं व्होल्टेज लागतंच. व्हिक्ट्रॉनला सुरू व्हायला बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट जास्त, नंतर १ व्होल्ट जास्त.

मोठ्या पॅनलमध्ये ही अडचण सहसा येत नाही. अडतं ते छोट्या ३६ सेलच्या "१२ व्होल्ट" पॅनलमध्ये. त्याचं १८ चं व्हीएमपी उन्हाळ्यात १५ च्या आसपास येतं आणि बॅटरीला १४.४ हवे असतात, त्यात वायरमध्ये थोडं जातं. तिथे दोन सिरीज करून एमपीपीटी लावणं चांगलं. थंडीतसुद्धा ४९ च्या आत राहतात, ७५ व्होल्टचा छोटा कंट्रोलरही पुरतो.

पीडब्ल्यूएम (साध्या, स्वस्त) कंट्रोलरला ही भानगड नाही ना?

आहे, फक्त आकडे लहान. १२/२४ चे बरेच पीडब्ल्यूएम ५०-५५ व्होल्टपर्यंतचेच असतात. त्यावर ५५० वॅटचा एक पॅनल लावला तरी थंडीत ५३ होतात. शिवाय पीडब्ल्यूएम पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो, म्हणजे १२ च्या बॅटरीवर ५५० वॅटच्या पॅनलमधून दोनशे वॅटही हाती लागत नाहीत. हा पॅनल तिथे लावणंच चूक. आणि बाजारात डब्यावर एमपीपीटी छापलेले, उचलले तर पाव किलोसुद्धा न भरणारे कंट्रोलर मिळतात. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची वेटोळी आणि ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते. तीस-चाळीस अँपिअरचा असेल तर वजन हाताला लागतंच.

पीएम सूर्य घर योजनेत ऑनग्रिड लावलंय, बॅटरी नाही. मला काळजी करायची गरज आहे?

तीन किलोवॅटला ५५० वॅटचे सहा पॅनल सिरीजमध्ये, थंडीत सुमारे ३२० व्होल्ट. छोट्या ऑनग्रिड इन्व्हर्टरची मर्यादा सहसा ५०० ते ६०० असते, तेव्हा नाही. मोठ्या यंत्रणेत एकाच ओळीत अठरा-वीस पॅनल लावले असतील तर हाच हिशेब करून बघा.

पॅनल जुने झाले की व्होल्टेज कमी होतं ना? मग दहा वर्षांनी तरी धोका संपेल?

पॅनल म्हातारा होतो तो मुख्यतः करंटमध्ये. व्हीओसी फारसं उतरत नाही. आणि कंट्रोलर पहिल्याच हिवाळ्यात गेला तर दहा वर्षांचा हिशेब कुणासाठी?

थंडीत बॅटरीच्या सेटिंगमध्ये काही बदलायचं का?

ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरीला थंडीत चार्जिंग व्होल्टेज थोडं जास्त लागतं, १२ व्होल्टच्या बॅटरीमागे अंशाला साधारण १८ मिलिव्होल्ट. ५ अंशांच्या खोलीत १४.४ चे पावणेपंधरा. कंट्रोलरला टेंपरेचर सेन्सर असेल तर तो हे स्वतःच करतो, पण सेन्सर बॅटरीला चिकटवलेला हवा. भिंतीवर लोंबकळणारा सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो. लिथियम फॉस्फेटला ही भरपाई पूर्ण बंद ठेवा, आणि शून्याच्या खाली ती चार्ज होणार नाही असं सेटिंग ठेवा. शेतावरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी असेल तर हे आजच बघून घ्या.

आमची जोडणी आधीच झालेली आहे. ती बरोबर आहे का, हे घरी कसं तपासू?

आधी कागदावर. एका ओळीत किती पॅनल सिरीजमध्ये आहेत ते मोजा, लेबलवरच्या व्हीओसीनं गुणा, मग १.१० नं (शेतावर १.१२ नं) गुणा. कंट्रोलरच्या मर्यादेच्या आत आलं तर चहा प्या, बाकी काही करायची गरज नाही.

आकडा काठावर असेल आणि कंट्रोलर ब्लूटूथचा असेल तर ॲपमध्ये रोजचं कमाल पॅनल व्होल्टेज साठलेलं असतं. व्हिक्ट्रॉनमध्ये मागच्या ३० दिवसांचं दिसतं. जानेवारी संपताना तो रकाना एकदा उघडून बघा.

मल्टिमीटरनं मोजायचं तर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. आधी डीसी स्विच बंद करा, मगच पॅनलच्या बाजूच्या टोकांवर मोजा. चालू करंटात एमसी-फोरची (पॅनलच्या वायरच्या प्लगची) जोडणी कधीही ओढून उघडू नका, ठिणगी हातावर येते. मोजलेल्या आकड्याबरोबर त्या वेळचं पॅनलच्या पाठीचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर तो आकडा निरुपयोगी आहे: दुपारी ४५ अंशांच्या पॅनलवर १४१ मिळाले म्हणजे शून्याला १४१ नव्हेत, १६० च्या आसपास.

आणि कंट्रोलर काढायची वेळ आली तर आधी पॅनल सोडवा, मग बॅटरी. पुन्हा लावताना आधी बॅटरी, मग पॅनल. बॅटरी जोडल्यावरच कंट्रोलरला कळतं की समोर १२ ची आहे, २४ ची की ४८ ची.